चिमटा उचलून देणारे वय

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत लाइपझिग इथे केलेला एक प्रयोग २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. प्रयोगाचा थाट अगदी साधा होता. एक परका माणूस दोरीवर कपडे वाळत घालतो आहे. त्याच्या हातून चिमटा खाली पडतो. तो हात लांबवतो, पण चिमट्यापर्यंत पोचत नाही. समोर दीड वर्षाचे मूल. त्याला कोणी काही सांगितलेले नाही, खाऊचे आमिषही नाही. तरी मूल दुडदुडत जाते, चिमटा उचलते आणि त्या माणसाच्या हातात देते. असेच आणखी काही प्रसंग रचले होते. एकात दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेतलेला माणूस बंद कपाटावर धडकत राहतो, आणि मूल जाऊन दार उघडते. २४ मुलांपैकी २२ जणांनी एकदा तरी मदत केली. तोच चिमटा माणसाने मुद्दाम फेकला, तर मात्र तो उचलून देण्याची मुलांना तशी घाई नव्हती. म्हणजे जमिनीवर दिसेल ते उचलायची ही हौस नव्हे. समोरच्याला काय करायचे आहे आणि त्याचे काम कुठे अडले आहे, हे त्यांना कळत होते.

बालवाडीत जाण्याआधीच्या मुलाला घरी काय शिकवावे, हा प्रश्न हल्ली तरुण आईबाप फार गंभीरपणे विचारतात. त्याची उत्तरे बाजारात तयारच असतात. फ्लॅशकार्डे, ठिपके जोडत अक्षरे गिरवायच्या वह्या, रंग-आकारांचे संच, आठवड्याची वेळापत्रके. या सगळ्यात मूल बसते आणि मोठे माणूस दाखवते. चिमटा उचलून द्यायला धावणाऱ्या मुलाला त्यात जागाच नाही. मला वाटते, दीड ते तीन वर्षांच्या मुलासाठी घरात शाळा थाटू नये. घरात जे काम रोज चालते त्यात त्याला वाटा द्यावा, आणि ते करताना त्याच्याशी बोलावे. ऐकायला हे सोपे आहे. करायला वेळखाऊ आहे, आणि त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी कायद्याचे. आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा आखला आणि पहिलीसाठी सहा वर्षे धरली. तीन वर्षांखालच्या मुलाने कुठल्याही वर्गात बसावे असे कोणताच कायदा सांगत नाही. तेव्हा दोन वर्षांचे मूल घरी असणे हा काही धाडसी पर्याय नाही. ती नेहमीची गोष्ट आहे. फक्त सोसायटीतल्या चार मुलांनी प्लेग्रुपची दप्तरे पाठीवर घेतली की पाचव्याच्या आईला आपण काही चुकवतो आहोत असे वाटू लागते. त्याच धोरणात मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो असे एक वाक्य आहे. ते वाचून पालक घाबरतात, आणि घाबरलेल्या पालकाला काहीही विकता येते. पण वाढणाऱ्या मेंदूला या वयात झोप, पोटभर अन्न, हालचाल, स्पर्श आणि बोलणारी माणसे लागतात. बाराखडी त्या यादीत बरीच खाली येते.

बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक ते दोन वर्षांची मुले आणि त्यांना सांभाळणारी माणसे त्यांनी चार ठिकाणी पाहिली: अमेरिकेतले सॉल्ट लेक सिटी, तुर्कस्तानातला एक शहरी मध्यमवर्ग, ग्वातेमालातले सान पेद्रो हे माया गाव आणि भारतातले धोल-की-पट्टी हे आदिवासी गाव. शहरी आया मुलासमोर बसून त्याला खेळणे समजावून सांगत, शिकवणीचा सूर लावत, मुलाच्या पातळीवर येऊन खेळत. माया आणि भारतीय गावांत मोठी माणसे आपापले काम करत राहत आणि मूल शेजारी बसून पाहत असे. त्या मुलांची एक खासियत अशी की ती एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवू शकत. हातात काहीतरी चाललेले, आणि डोळा आईच्या कामावर. यात एक रीत वरची आणि दुसरी खालची असे अभ्यासकांनी म्हटले नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण पाहत पाहत शिकणे ही आपल्या घरांतली जुनी रीत होती. ती फ्लॅटमध्ये येताना सुटली. आता मूल झोपले की घाईघाईने कामे उरकली जातात आणि ते उठले की त्याला ‘वेळ दिला’ जातो. घरात खरे काम कसे चालते हे त्या मुलाला दिसतच नाही.

आता मेथीची जुडी घ्या. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर जुडी, बाजूला एक ताट. दोन वर्षांचे मूल काडी उचलते, पान ओढते, पान तुटते किंवा सगळी काडीच ताटात पडते. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट इथे भरपूर राबते. पाने एकीकडे, देठ एकीकडे, हे वर्गीकरण आहे. पुढे ते गणिताच्या पुस्तकात ‘गट करा’ या नावाने भेटणार आहे. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्याचा जोडीदार शोधणे हे साम्य-भेद ओळखणे. जेवायच्या वेळी प्रत्येक ताटाशेजारी एकेक चमचा ठेवणे ही एकास एक संगती, जिच्यावर सगळी मोजणी उभी असते. कणकेचा लिंबाएवढा गोळा हातात दिला की मूल तो दाबते, चपटा करते, तोडते, पुन्हा जोडते. मुठीतला हा जोर पुढे पेन्सिलीच्या कामी येतो. एका फुलपात्रातून दुसऱ्यात पाणी ओतणे ही तर मारिया माँटेसोरींच्या शाळेतली मानाची कृती आहे. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. पुढे बटणे लावणे, झाडणे, ओतणे, पुसणे या रोजच्या व्यवहारातल्या कामांना त्यांच्या पद्धतीत मोठे स्थान मिळाले. १९३९ ते १९४६ त्या भारतात होत्या. आज त्यांच्या नावाची पाटी लावून जागोजागी मोठी फी घेतली जाते आणि त्या फीमध्ये मुलाला फडक्याने टेबल पुसायला शिकवतात. टेबल घरीही असते.

हे स्वस्तात करून दाखवणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाचे काम सुरू केले, आणि १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीची महागडी लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. वारली पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मोठी बहीणही मग तिथे येऊन बसू शकली. पैशावाचून काय अडते आणि काय अडत नाही, हे बोर्डी-कोसबाडने पाऊणशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये आणखी एक गोष्ट तपासली. वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल प्रत्येक वेळी बक्षीस दिले, काहींना दिले नाही. नंतर बक्षीस बंद केल्यावर, ज्यांना ते मिळत होते त्यांची मदत कमी झाली. ज्यांना काहीच मिळत नव्हते ती मुले पूर्वीसारखीच धावत राहिली. तेव्हा चमचे लावल्याबद्दल चॉकलेट देऊ नये. टाळ्यांचा गजरही रोज नको. ‘लावलेस का? चला, वाढते आता’ एवढे पुरे.

आता वेळेचे. मुलाला सोबत घेतले की दहा मिनिटांची मेथी अर्धा तास घेते, आणि तरी देठ भाजीत येतातच. पाणी सांडते. घडी केलेला कपडा दुसऱ्याच क्षणी डोक्यावर जातो. आजी म्हणतात, ‘राहू दे गं, मी करते पटकन.’ त्यांचेही बरोबर असते, कारण आठची लोकल मेथीसाठी थांबत नाही. दोघेही नोकरीला जात असतील त्या घरात रोज एकच काम मुलासाठी ठेवावे. संध्याकाळचे कपडे किंवा झाडांचे पाणी, जे निवांत होऊ शकते ते. बाकीची कामे खुशाल ते झोपले की उरका. दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी असतील तर त्यांना वेळापत्रक देण्यापेक्षा हे सांगावे की भाजी निवडताना त्याला शेजारी बसवा आणि बोलत राहा. बहुतेक मावशींना हे कोणी शिकवावे लागत नाही. टीव्ही बंद ठेवा एवढे मात्र सांगावे लागते.

आणि हो, मुलगे. दोन वर्षांचा मुलगा पोळपाटाकडे मुलीइतक्याच ओढीने येतो. त्याला ‘तू जा खेळायला’ म्हणून परत पाठवणारे घर काही वर्षांनी त्याला आळशी म्हणते. बाबा भांडी पुसताना दिसले तर त्याला वेगळे काही सांगायची गरज पडत नाही.

बोलण्याचा विषय जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये ४२ कुटुंबांची घरे दर महिन्याला ध्वनिमुद्रित केली आणि १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले. चार वर्षांचे होईतो श्रीमंत घरातले मूल गरीब घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द जास्त ऐकते, असा त्यांचा हिशेब होता. हा आकडा जगभर गाजला. त्यावर टीकाही झाली. घरे थोडी, आणि हिशेबात मुख्यतः थेट मुलाशी केलेले बोलणे. २०१८ मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या समाजांत पुन्हा मोजले, आसपासच्या माणसांचे आपसातले बोलणेही धरले, तेव्हा ती दरी तशी दिसली नाही. चाळीत, वाड्यात, शेतावर वाढणारे मूल दिवसभर इतरांचे बोलणे ऐकत असते, हे आपल्याला कोणी मोजून सांगायला नको. त्याच वर्षी रोमिओ आणि इतरांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की एकूण शब्द किती पडले यापेक्षा मूल आणि मोठे माणूस यांच्यात बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा झाली, याचा मेंदूच्या भाषा-कार्याशी जवळचा संबंध आहे. म्हणजे मुलावर शब्दांचा पाऊस पाडून भागत नाही. त्याने काही म्हणावे, आपण त्यावर काही म्हणावे, मग त्याची पाळी.

मूल म्हणते, ‘बाबा गाली.’ आपण म्हणतो, ‘हो, बाबांची गाडी गेली. कुठे गेली?’ आणि मग गप्प बसायचे. हे गप्प बसणे बहुतेकांना जमत नाही. दोन वर्षांच्या मुलाला शब्द जुळवायला पाच-सहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. ‘गाली नाही, गाडी म्हण’ असे दुरुस्त करायचीही गरज नसते. आपल्या वाक्यात बरोबर शब्द आला की झाले.

मराठीत तर स्वयंपाकघर हा व्याकरणाचा उत्तम वर्ग आहे. मोठा डबा, मोठी वाटी, मोठे ताट. तीन लिंगे, आणि विशेषणाने दर वेळी रूप बदलायचे. हा नियम दोन वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगू शकत नाही. पण ‘छोटी वाटी कुठली? आणि तो छोटा चमचा दे’ असे रोज ऐकत, देत-घेत तो त्याच्या जिभेवर बसतो. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा ‘मी जाते’ म्हणतो आणि घरातले हसतात. हसू द्या, बाबांशी, आजोबांशी बोलणे वाढले की ते आपोआप सुटते. घरात मराठी आणि बाहेर दुसरी भाषा असलेली मराठी कुटुंबे इंदूर-बडोद्यात पिढ्यानुपिढ्या आहेत आणि आता न्यू जर्सी-लंडनमध्येही आहेत. तिथल्या पालकांना मूल दोन भाषा मिसळते याची धास्ती वाटते. मिसळणे हा दोष नव्हे. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. आणि आईबापांनी ज्या भाषेत आपल्याला रागावता येते, चिडवता येते, गोष्ट रंगवता येते तीच भाषा मुलाशी बोलावी. मुलाच्या नर्सरीसाठी म्हणून घरात तोडके इंग्रजी बोलू लागलेले आजी-आजोबा पाहिले की मला वाईट वाटते. त्या मुलाच्या वाट्याचे अर्धे बोलणेच अशाने बंद होते.

गोष्टींचे तसेच. चिमणी आणि कावळ्याची गोष्ट आपल्याकडे पहिली गोष्ट म्हणून सांगतात, ती उगाच नाही. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो चिमणीचे दार ठोठावतो, आणि चिमणी त्याला एकेक सबब सांगून थांबवते. त्या सबबी काय असतात? बाळाला न्हाऊ घालणे, अंग पुसणे, कपडे घालणे, जेवू घालणे, झोपवणे. ऐकणाऱ्या मुलाचा स्वतःचा दिवसच तिथे क्रमवार उभा राहतो. दर वेळी दार वाजते, दर वेळी तोच साचा परत येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला मूलच चिमणीचे उत्तर देऊ लागते. तीच गोष्ट रोज रात्री हवी असते, यात मुलाचा हट्ट थोडा आणि अभ्यास अधिक असतो. पुढे काय येणार हे त्याला माहीत असते आणि ते तसेच आले का हे त्याला तपासायचे असते.

छापील पुस्तकेही या वयात हवीत, जाड पुठ्ठ्याची असली तर बरे, कारण ती चावली जाणार आहेत. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दाखवले की दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे पालक नुसते वाचून दाखवण्याऐवजी प्रश्न विचारत, मुलाचे उत्तर वाढवत वाचू लागले, तर महिनाभरातच मुलांच्या बोलण्यात फरक पडतो. ‘हा कोण?’ यावर न थांबता ‘हा का रडतोय?’ इथवर जायचे. मराठीत माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही छोटी पुस्तके यासाठी फार गोड आहेत. त्यांत घरातली माणसे आणि त्यांची रोजची कामे आहेत, दुसरे काहीच नाही. मुलाला बोट ठेवून ‘आपली आजी’ म्हणता येते.

आकड्यांबाबत पालकांचा एक समज मोडायला हवा. अडीच वर्षांचे मूल एक ते दहा म्हणून दाखवते आणि पाहुणे कौतुक करतात. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत मुलांना ‘मला तीन वस्तू दे’ असे सांगितले. दहापर्यंत सहज म्हणणारी कित्येक मुले तीन मागितल्यावर मूठभर देत. आधी ‘एक’ चा अर्थ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’ चा, मग ‘तीन’ चा, आणि मोजताना शेवटी आलेली संख्या म्हणजे सगळ्यांची संख्या हे साधारण साडेतीन-चारच्या आसपास उमगते. तोवर दहापर्यंतचे आकडे हे बडबडगीतच. म्हणू द्यावेत. पण ‘दोन बटाटे दे’ यातून जो अर्थ लागतो तो पाठांतरातून लागत नाही.

लिहिण्याचे तर सरळच आहे. साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला पाहून गोल काढता येतो, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचच्या आसपास त्रिकोण. आता देवनागरी ‘अ’ डोळ्यांसमोर आणा. वळण, आडवी रेघ, उभी दांडी, वर शिरोरेषा. ज्याला अजून गोल बंद करता येत नाही त्याच्याकडून हे गिरवून घेणे म्हणजे हातावर आणि मनावर दोन्हीकडून जबरदस्ती. जमिनीवर खडू, भिंतीवर पाण्यात बुडवलेला ब्रश, रांगोळीच्या रिकाम्या ताटलीत रवा आणि बोट, यांनी भरपूर रेघोट्या मारू द्याव्यात. लवकर वाचायला शिकल्याने पुढे फायदा होतो का, हे न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सुगाटे यांनी पाहिले. पाचव्या वर्षी वाचन सुरू केलेली आणि सातव्या वर्षी सुरू केलेली मुले अकराव्या वर्षापर्यंत वाचनात बरोबरीला आली होती. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथे कोणाचे काही बिघडलेले नाही.

पडद्याविषयी इतके सांगितले गेले आहे की मी थोडक्यात आटोपते. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. प्रत्यक्ष माणूस समोर होता तेव्हा बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तीच माणसे, तेच बोलणे व्हिडिओत आले तेव्हा मात्र बाळे काहीच शिकली नाहीत. जुडी डीलोश यांनी २०१० मध्ये दाखवले की शब्द शिकवणारी डीव्हीडी महिनाभर पाहिलेली एक-दीड वर्षांची मुले, ती न पाहिलेल्या मुलांहून पुढे गेली नाहीत. गंमत अशी की ज्या पालकांना डीव्हीडी आवडली होती त्यांना आपले मूल बरेच शिकले असे वाटत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला पडदा नको, दोन वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही कमी असेल तितका बरा. त्याच सूचनांत एक ते दोन वर्षांच्या मुलासाठी दिवसभरात मिळून तीन तास हालचाल आणि ११ ते १४ तास झोप सांगितली आहे. पालकांचे लक्ष पडद्याच्या आकड्यावर अडकते. हालचालीचे तीन तास कोणी मोजत नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात खरी अडचण तीच असते. जिना चढणे-उतरणे, गच्ची, सोसायटीचे पटांगण, बाजारात स्वतःच्या पायांनी चालत जाणे हे सगळे त्यात धरावे. दूरच्या आजीशी व्हिडिओ कॉल मात्र वेगळा. तिथे पलीकडे उत्तर देणारे माणूस असते.

पटांगणात दुसरी मुले भेटतील. दोन वर्षांची दोन मुले शेजारी शेजारी वाळूत खेळतात, एकमेकांशी नाही. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच या समांतर खेळाचे वर्णन केले आहे. त्यामुळे ‘घरी ठेवले तर मिसळायला कसे शिकेल’ ही काळजी या वयाला जरा लवकरच लावलेली असते. आठवड्यातून काही वेळा इतर मुलांजवळ असणे पुरते. ‘शेअर कर’ म्हणून हातातली बादली ओढून दुसऱ्याला देणे हे मुलाला शिकवणे नाही. त्याला ती लूट वाटते.

घरकामात वाटा म्हणजे धोकेही सोबत येतात, आणि ते नेमके माहीत हवेत. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कच्चे मटार, नाणी, मणी हे चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. मटार सोलायचे तर मोठ्या माणसाने नजर हटवायची नाही. रिमोट आणि खेळण्यांतले बटण-सेल गिळले तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा करतात. थेट रुग्णालय गाठायचे. बाथरूममधली बादली रिकामी ठेवायची सवय लावावी. डोके खाली गेले तर वीतभर पाणीही लहान मुलाला पुरते. गॅस, सुरी, कुकर यांच्या हद्दीबाहेर बसायची त्याची जागा ठरवून टाकावी.

घरी असलेल्या मुलाकडे पाहणारे बाहेरचे डोळे कमी असतात, म्हणून काही खुणा पालकांनी स्वतः पाहाव्यात. दीड वर्षाला अर्थपूर्ण शब्द नाहीत, दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आधी येत असलेले शब्द गेले. यांतले काहीही दिसले तर ‘आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कान तपासून घ्यावेत. वजन-उंची आणि लसीकरण यासाठी अंगणवाडीतल्या ताई आहेतच. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत तीन वर्षांखालची मुलेही येतात, फक्त मध्यमवर्गाला ती आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला. त्यात ३६ महिन्यांची दिनदर्शिका आणि १४० कृती आहेत. त्या चाळल्या तर घरातल्या भांड्याकुंड्यांशी खेळणे, गाणी, बोलणे, बाहेर नेणे असेच त्यांचे रूप दिसते. पैसे मोजून घेतलेल्या कुठल्याही संचापेक्षा मी त्या आधी पाहीन.

तीन वर्षे झाली की बालवाडी शोधायची वेळ येते. मुलाखतीत मुलाने रंग ओळखावेत, आकडे म्हणावेत अशी अपेक्षा ठेवणारी बालवाडी असेल तर परत फिरावे. आपणच तिची मुलाखत घ्यावी. वर्गात मुलाचा हात पोचेल असा नळ आहे का? सांडलेले पुसायला फडके मुलाला मिळते की ताईच धावतात? डबा खाल्ल्यावर तो कोण धुते? बाई मुलांशी कोणत्या भाषेत रागावतात? आणि पहिले काही दिवस आईला, बाबांना किंवा आजीला वर्गाच्या दाराशी बसू देतात का?